धुराचे दोन हिशेब

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या छोट्या गाडीत किंवा पेट्रोल पंपाच्या आवारातील खोलीत चालणारे पी.यू.सी. केंद्र आता तालुक्याच्या गावीही परिचयाचे झाले आहे. वाहनाच्या सायलेन्सरच्या तोंडाशी नळी लावली जाते, यंत्रावर आकडे उमटतात आणि थोड्याच वेळात प्रदूषण नियंत्रणाखाली असल्याचे प्रमाणपत्र वाहनमालकाच्या हाती पडते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये ते जवळ बाळगणे बंधनकारक आहे. आपल्या वाहनाचा हवेवर पडणारा भार तपासून झाला, अशी प्रमाणपत्र बाळगणाऱ्या बहुतेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनातील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांचे प्रमाण तेथे पाहिले जाते. डिझेलच्या वाहनात धुराचा दाटपणा पाहिला जातो. पृथ्वीचे तापमान ज्या वायूमुळे मुख्यत्वे वाढत आहे, त्या कार्बन डायऑक्साइडला या प्रमाणपत्रात कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

यात तपासणी केंद्राचा किंवा नियमाचा दोष आहे असे नव्हे. वाहनातून बाहेर पडणाऱ्या पदार्थांचे हिशेबच दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या वह्यांत मांडावे लागतात. काजळी, सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड हे पदार्थ जेथे बाहेर पडतात त्याच परिसरात अपाय करतात. चौकातील वाहतूक पोलीस, हातगाडीवरील फळविक्रेता आणि रस्त्यालगतच्या शाळेतील मुले हे त्यांचे पहिले बळी होत. जोराचा पाऊस झाला, वारा सुटला की त्यांची तीव्रता कमी होते. कार्बन डायऑक्साइडची गोष्ट निराळी आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चौकात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा खोकला येत नाही. तापलेल्या भूपृष्ठावरून अवकाशाकडे निघालेली उष्णता तो अडवून धरतो आणि त्याचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजमाप सुरू केले तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. हा वायू परळीतून निघाला की पॅरिसमधून, याने तापमानवाढीत काही फरक पडत नाही.

हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की तुलना फसते. भारतात २००० सालापासून वाहनांच्या धुरासाठी क्रमाक्रमाने कडक मानके लागू होत गेली. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज ६' हे मानक अमलात आले आणि त्यासाठी इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणले गेले. या सुधारणेने काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांत मोठी घट होते, हे निर्विवाद. परंतु या मानकांत कार्बन डायऑक्साइडचा समावेश नाही. त्यासाठी मोटारींच्या सरासरी इंधनवापराचे स्वतंत्र निकष २०१७-१८ पासून आले. एखाद्या उत्पादकाने विकलेल्या मोटारींची सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आत असावी, असे प्रथम ठरले आणि २०२२-२३ पासून हे उद्दिष्ट ११३ ग्रॅमवर आणण्यात आले. जुना, काळा धूर ओकणारा ट्रक आणि नवा, जवळजवळ निर्धूर ट्रक यांनी सारखेच डिझेल जाळले, तर पहिल्या वहीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. दुसऱ्या वहीत मात्र दोघांच्या नावावर जवळजवळ सारखाच आकडा पडेल.

एका लिटरचा हिशेब

एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. ते जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे सांगितले की ऐकणारा चमकतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे निघावेत? उत्तर शाळेतील रसायनशास्त्रात आहे. कार्बनचा प्रत्येक अणू हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो. १२ वजनाला ३२ ची भर पडून ४४ होतात. अतिरिक्त वजन हवेतून आलेले असते. डिझेल अधिक दाट आणि कार्बनयुक्त असल्याने त्याच्या लिटरमागे हा आकडा सुमारे २.७ किलो येतो. आठवी-नववीच्या वर्गात त्रैराशिकाचे उदाहरण म्हणून हे गणित सहज घालता येईल, आणि घरच्या मोटारसायकलीला लावून पाहण्यात मुलांना गंमतही वाटेल.

या दोन आकड्यांच्या आधाराने प्रवासाच्या साधनांची तुलना करून पाहावी. एस.टी.ची बस लिटरमागे साडेचार किलोमीटर धावते असे धरले, तर किलोमीटरमागे ६०० ग्रॅम वायू निघतो. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या मोटारीचा आकडा १५३ ग्रॅम आहे. वरवर पाहता बस चौपट दोषी ठरते. पण बसमध्ये चाळीस उतारू बसले असतील तर माणशी वाटा १५ ग्रॅमचा झाला. मोटारीत चालक एकटाच असेल तर सारे १५३ ग्रॅम त्याच्या एकट्याच्या नावावर. त्याच मोटारीत चौघे बसले तर माणशी ३८. आणि त्याच बसमध्ये भर दुपारी दहाच उतारू असतील तर माणशी ६०, म्हणजे लिटरला पन्नास किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलीवरील एकट्या स्वारापेक्षाही जास्त. कारण त्याचा वाटा ४६ ग्रॅमचा आहे. बस चांगली की मोटार, या प्रश्नाचे उत्तर वाहनापेक्षा त्यातील भरलेल्या आसनांवर अधिक अवलंबून असते. बसचे वेळापत्रक शाळा सुटण्याच्या वेळेशी किंवा बाजाराच्या दिवसाशी जुळवून घेण्याची मागणी ग्रामपंचायती करतात. अशी मागणी मान्य झाली तर डिझेलचा एक थेंबही न वाढता माणशी आकडा खाली येतो.

सी.एन.जी.विषयीही थोडे सांगितले पाहिजे. मुंबईच्या टॅक्सी आणि रिक्षा या वायूवर चालू लागल्या तेव्हा त्यामागील हेतू शहरातील धूर कमी करण्याचा होता आणि तो बऱ्याच अंशी साधला. तापमानवाढीच्या वहीत मात्र लाभ बेताचाच आहे. तेवढ्याच उष्णतेसाठी या इंधनातून डिझेलच्या मानाने सुमारे चतुर्थांश कमी कार्बन डायऑक्साइड निघतो, परंतु सी.एन.जी. हा मुख्यतः मिथेनच असल्याने नळ्यांतून किंवा टाकीतून तो न जळता निसटला तर मिळालेला लाभ झपाट्याने आटतो.

वीज कोठून येते?

विजेवर चालणाऱ्या वाहनाला सायलेन्सर नाही. त्यामुळे ते धूरच करीत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. ज्या रस्त्यावरून ते जाते त्या रस्त्यापुरते ते खरेही आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या विद्युत जाळ्याचा सरासरी आकडा दरवर्षी प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तो एका युनिटमागे ०.७ किलोच्या किंचित वर राहिला आहे. विजेची स्कूटर एका युनिटवर पस्तीस किलोमीटर जाते असे मानले तर किलोमीटरमागे सुमारे २० ग्रॅम येतात. पेट्रोलच्या स्कूटरचे, लिटरला पंचेचाळीस किलोमीटर धरून, ५१ ग्रॅम होतात. येथे विजेचा लाभ स्पष्ट आहे. एका युनिटवर सात किलोमीटर जाणाऱ्या विजेच्या मोटारीचा आकडा १०० ग्रॅमच्या जवळपास जातो; पेट्रोल मोटारीच्या १५३ ग्रॅमपेक्षा तो तिसऱ्या हिश्शाने कमी आहे, शून्य नव्हे. तारांतील गळती आणि बॅटरी बनविताना खर्ची पडलेली ऊर्जा धरली तर अंतर आणखी थोडे घटते. हीच मोटार निव्वळ कोळशाच्या विजेवर भरली, तर युनिटमागे सुमारे एक किलो या हिशेबाने तिचा आकडा १४० च्या वर जातो आणि पेट्रोलच्या मोटारीशी जवळजवळ बरोबरी होते.

नॉर्वे या देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहांतील सुमारे नऊ मोटारी विजेच्या होत्या. या उदाहरणाचा दाखला वारंवार दिला जातो. नॉर्वेची जवळजवळ सारी वीज धबधब्यांवर आणि धरणांवर तयार होते, ही गोष्ट मात्र दाखला देताना बहुधा सुटते. तीच मोटार तेथे जवळजवळ निर्मळ ठरते आणि नागपुरात कोळशाच्या हिशेबात येते. अर्थात आपल्याकडील विजेत सूर्य, वारा आणि पाणी यांचा वाटा जसजसा वाढेल तसतशी आज घेतलेली विजेची मोटारही आपोआप स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या मोटारीला तसे भाग्य नाही.

येथे दोन्ही वह्या पुन्हा वेगळ्या कराव्या लागतात, आणि महाराष्ट्राच्या नकाशावर त्या फार ठळकपणे वेगळ्या होतात. राज्यातील औष्णिक वीजकेंद्रे मोठ्या प्रमाणावर विदर्भात आहेत. कोराडी आणि खापरखेडा नागपूरजवळ. २,९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूर केंद्र कोळशाच्या खाणींच्या कुशीत. कोळसा वाहून नेण्यापेक्षा वीज वाहून नेणे सोयीचे, हा त्यामागील व्यवहार. तेथील वीज राज्याच्या जाळ्यातून पश्चिमेकडील शहरांपर्यंत पोहोचते. पश्चिमेकडील शहरात डिझेलच्या बसऐवजी विजेची बस आली की त्या शहरातील चौकात काजळी घटते, हा खरा आणि मोलाचा लाभ आहे. परंतु विजेची वाढीव गरज कोळशावर भागविली गेली, तर राखेचा आणि धुराचा काही भार ज्याने त्या बसमध्ये कधी पाय ठेवला नाही अशा माणसाच्या दारी जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी प्रसिद्ध केली तेव्हा चंद्रपूरची गणना अतिगंभीर प्रदूषित क्षेत्रांत झाली होती. वीजकेंद्रांच्या धुरांड्यांवरील शुद्धीकरण यंत्रणा, राखेची विल्हेवाट आणि शहरांतील विजेची वाहने हे वेगवेगळ्या खात्यांचे विषय मानले जातात. हिशेबाच्या दृष्टीने ते एकच प्रकरण आहे.

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०१९ सालचे शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन इतके दाखविले असून, त्यातील ७२ टक्के इमारती आणि उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचे, २० टक्के वाहतुकीचे आणि ८ टक्के कचऱ्याचे आहे. मुंबईतील कोंडलेली वाहतूक पाहणाऱ्यास वाहनांचा वाटा एक-पंचमांशच असावा याचे आश्चर्य वाटेल. बाहेरून येणारी वीज शहराच्या खात्यावर धरली, म्हणून हे चित्र दिसले. ती वगळली असती तर वाहतूक पहिल्या क्रमांकाच्या जवळ गेली असती. आराखड्यातील माणशी आकडा १.८ टन आहे. एवढ्या श्रीमंत शहराचा आकडा देशाच्या सरासरीहूनही कमी कसा, असा प्रश्न जाणत्या वाचकाला पडावा. लोकल गाडीचा आणि दाट वस्तीचा यात वाटा आहेच. पण मुंबईच्या टोलेजंग इमारतींना लागणारे सिमेंट आणि पोलाद मुंबईत तयार होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. चुनखडी भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो, भट्टीला इंधन कोणतेही वापरा. हा वायू जेथे कारखाना आहे तेथल्या खात्यावर पडतो. इमारत जेथे उभी राहिली तेथल्या खात्यावर त्याची नोंद होत नाही.

देशांची तुलना

जिल्ह्याजिल्ह्यांत जी गोष्ट घडते तीच देशादेशांत, अधिक मोठ्या प्रमाणावर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२३ सालचे आकडे आहेत. एकूण उत्सर्जनात चीन पहिला, अमेरिका दुसरी आणि भारत तिसरा. एवढेच वाचून थांबणाऱ्याचे मत एक होईल. माणशी आकडे पाहिले तर अमेरिका १८ टन, चीन ११, युरोपीय संघ ७.३, जगाची सरासरी ६.६ आणि भारत २.९ टन. हे वाचणाऱ्याचे मत दुसरे होईल. १८५० पासून २०२२ पर्यंत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये अमेरिकेचा वाटा २० टक्के, युरोपीय संघ आणि चीन यांचा प्रत्येकी १२ टक्के आणि भारताचा ३ टक्के आहे. तिन्ही आकडे एकाच अहवालातील असून तिन्ही बरोबर आहेत.

उत्सर्जनाची साधनेही देशपरत्वे बदलतात. अमेरिकेत २०२२ साली वाहतूक हे सर्वांत मोठे क्षेत्र होते. एकूण हरितगृह वायूंपैकी २८ टक्के तिच्याकडून आले. न्यूझीलंडमध्ये निम्मा भार शेतीचा, विशेषतः गुरे आणि मेंढ्यांचा आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालानुसार २०२० साली, जमीन व वने यांनी शोषलेला वायू वजा न करता, देशाचे उत्सर्जन २९५ कोटी ९० लाख टन होते. त्यात ऊर्जेचा वाटा ७५.६६ टक्के, शेतीचा १३.७२, औद्योगिक प्रक्रियांचा ८.०६ आणि कचऱ्याचा २.५६ टक्के. केवळ वीजनिर्मितीचा भाग ३९ टक्क्यांच्या घरात जातो. वाहतुकीचा वाटा २०१६ च्या आकडेवारीनुसार एकूणाच्या एक-दशांशाजवळ होता. अमेरिकेत मोटार आणि भारतात वीजकेंद्र, असे या तुलनेचे स्थूल स्वरूप आहे. तेथील उपाय येथे जसाच्या तसा उचलला तर औषध एका आजाराचे आणि रोगी दुसऱ्या आजाराचा, असे व्हायचे.

२०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते, हेही विसरता कामा नये. त्या वर्षी देशाचे उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ७.९३ टक्क्यांनी घटले. ते वर्ष पायाभूत धरून पुढील वाढ मोजणारा कोणताही तक्ता वाढ फुगवून दाखवील. २०१९ पायाभूत धरणारा तीच वाढ कमी दाखवील. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या अहवालात तुलनेचे वर्ष निवडताना एवढी खबरदारी घेतली तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

भाताची खाचरे आणि दारची म्हैस

चुकीच्या तुलनेचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, याचे एक ठळक उदाहरण भारताच्याच इतिहासात आहे. भाताच्या खाचरात पाणी साचले की तळच्या चिखलात हवा पोहोचत नाही आणि तेथील जीवाणू मिथेन तयार करतात. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी जागतिक वाटाघाटींची तयारी चालू असताना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतीय भातशेतीतून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो असे दाखविले गेले. हा अंदाज प्रामुख्याने समशीतोष्ण प्रदेशांतील खाचरांत घेतलेल्या मोजमापांवर आधारलेला होता. तेथील जमिनीत सेंद्रिय द्रव्य अधिक आणि पाणी हंगामभर उभे. भारतातील भातशेतीचा मोठा भाग पावसावर अवलंबून. पाणी येते, ओसरते, जमीन भेगाळते, पुन्हा पाणी येते. प्रत्येक वेळी जमीन उघडी पडली की मिथेनचे चक्र तुटते.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने आणि डॉ. ए. पी. मित्रा यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ मध्ये देशातील अनेक भातक्षेत्रांत प्रत्यक्ष मोजणी झाली. भाताच्या रोपांवर पारदर्शक पेट्या उपड्या ठेवायच्या, आतील हवेचे नमुने ठरावीक वेळाने काढायचे आणि प्रयोगशाळेत तपासायचे, अशी ही साधी पण कष्टाची पद्धत होती. निष्कर्ष निघाला तो वर्षाला सुमारे ४० लाख टनांचा, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ एक-नवमांश. एक टन मिथेन म्हणजे २८ टन कार्बन डायऑक्साइड या आजच्या प्रचलित प्रमाणाने पाहिले, तर या दोन आकड्यांतील फरक ९० कोटी टनांहून अधिक होतो. २०२० सालच्या भारताच्या एकूण उत्सर्जनाशी तोलून पाहिल्यास तो त्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा भरेल. हा बोजा कोकणातील आणि बंगालमधील अल्पभूधारकाच्या नावे लिहिला जाणार होता. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रातर्फे प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत पोट भरण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत घालू नये, असा मुद्दा मांडला. त्यावर पुढे जगभर चर्चा झाली.

मिथेनचे २८ पट हे प्रमाणही समजून घेण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत म्हशीच्या रवंथातून वर्षाला ५५ किलो मिथेन निघतो असे धरलेले आहे. २८ ने गुणले की १,५४० किलो होतात. वर्षाला बारा हजार किलोमीटर धावणारी मोटारसायकल २४० लिटर पेट्रोल जाळते आणि सुमारे ५५० किलो वायू सोडते. म्हणजे एक म्हैस बरोबर पावणेतीन मोटारसायकली! २८ पट हे प्रमाण शंभर वर्षांच्या कालावधीसाठी आहे. वीस वर्षांचा कालावधी घेतला तर मिथेनचे प्रमाण ८० पटींच्या आसपास जाते, आणि तीच म्हैस एका रात्रीत आठ मोटारसायकलींची होते. म्हशीत काही बदल झाला नाही. हिशेबनिसाने मुदत बदलली.

गुणाकार दोन्ही वेळा बिनचूक आहे, परंतु त्यातून म्हैस विकून मोटारसायकल घ्यावी असा निष्कर्ष काढणारा फसेल. मिथेन सुमारे बारा वर्षांत हवेत विघटित होतो. गावात म्हशींची संख्या स्थिर राहिली तर नवा मिथेन येतो तेवढा जुना नाहीसा होतो, आणि हवेतील साठा फारसा वाढत नाही. शिवाय म्हशीने सोडलेला कार्बन तिने खाल्लेल्या वैरणीतून आलेला असतो आणि वैरणीने तो हवेतूनच घेतलेला असतो. पेट्रोलमधील कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेला होता. तो वर आला की हवेतील साठ्यात नवी भर पडते, आणि दरवर्षी ती आधीच्या भरीवर रचली जाते. तरीही म्हशीला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. चांगली वैरण, योग्य खुराक आणि आजारांवर वेळीच उपचार यांनी तिचे दूध वाढले तर दर लिटर दुधामागे मिथेन कमी होतो, आणि यात शेतकऱ्याचाही फायदा आहे.

गावाच्या पातळीवर

राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानामुळे भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांच्या अनुषंगाने ग्रामपंचायतींना अशा कामांची नोंद ठेवावी लागते. त्या वेळी वरील हिशेब प्रत्यक्ष उपयोगी पडतो, आणि कधी कधी अनपेक्षित उत्तर देतो. पाच अश्वशक्तीचा डिझेल पंप तासाला साधारण एक लिटर डिझेल घेतो, म्हणजे २.७ किलो. तेवढ्याच शक्तीचा विजेचा पंप तासाला साडेचार युनिटांच्या आसपास वीज घेतो आणि जाळ्यातील सरासरीने त्याचे तीन किलोहून अधिक होतात. डिझेल पंप काढून विजेचा बसविल्याने शेतकऱ्याच्या नाकातोंडातील धूर जातो, इंधनाचा खर्च उतरतो आणि कटकट वाचते. हे लाभ पहिल्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहिण्यासारखे आहेत. दुसऱ्या वहीत मात्र काहीच जमा होत नाही. पंप सौर विजेवर चालला तरच तेथे फरक पडतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. शेतीला दिवसा वीज मिळावी हा तिचा शेतकऱ्याला जाणवणारा हेतू आहे. पंपाचा हा हिशेब ती जाता जाता सुधारते.

कचऱ्याचेही तसेच आहे. घंटागाडीसाठी डिझेलचे वाहन घ्यावे की विजेचे, यावर सभेत बराच वेळ चर्चा होते. ती गाडी दिवसाला दोन लिटर डिझेल जाळीत असेल तर वर्षाला दोन टनांच्या आत-बाहेर वायू होतो. गावाबाहेर ओला कचरा एकावर एक दडपून टाकला जात असेल तर त्याच्या पोटात हवा न पोहोचल्याने, भाताच्या खाचरात होते तसेच, मिथेन तयार होत राहतो, आणि वर्षाकाठी एवढ्याशा ७५ किलो मिथेनने त्या गाडीची बरोबरी होते. ओला कचरा वेगळा करून, हवा खेळती ठेवून त्याचे खत केले तर मिथेनऐवजी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तोही पाला-भाजीतूनच आलेला.

गोबरगॅस संयंत्राचा विचार शेवटी येतो, पण योग्यता त्याची पहिली आहे. शेण उकिरड्यात साचून जो मिथेन हवेत जाण्याची शक्यता असते, तो येथे मुद्दाम तयार करून चुलीत जाळला जातो. एक किलो मिथेन जळून पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. न जळता सुटला असता तर तो २८ किलोंच्या तोडीचा ठरला असता. सरपण वाचते, स्वयंपाकघरातील धूर जातो आणि मळी शेताला मिळते. दोन्ही वह्यांत एकाच वेळी जमा दाखविणारी अशी कामे थोडीच आहेत. मात्र संयंत्राची टाकी तडकलेली असेल, नळीचा सांधा सैल असेल किंवा शेगडी बंद ठेवून गॅस तसाच मोकळा सोडला जात असेल, तर उकिरड्यात जेवढा मिथेन तयार झाला नसता तेवढा येथे तयार होऊन हवेत जातो. अनेक गावांत जुनी संयंत्रे बंद किंवा गळकी पडून आहेत. नव्या संयंत्रांचा आकडा अहवालात भरताना त्यांतील चालू किती आणि सांधे तपासलेली किती, हे दोन रकाने पुढे जोडण्यास फारसा खर्च येत नाही. साबणाच्या पाण्याने सांधा तपासणे तर गावातील कोणत्याही शाळकरी मुलाला शिकविता येते.